हळद, सालई, कळलावी : प्लेटमधली पेशी आणि आपलं शरीर

पेशीवाली (धागाकर्ती)

शेजारच्या धाग्यावर कुणीतरी हळदीतल्या पिवळ्या द्रव्याबद्दल 'करक्यूमिन हे नैसर्गिक स्टेरॉइड आहे, संशोधनाने सिद्ध' असं टाकलं आणि खाली +१ ची रांग लागली. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा वेगळा धागा काढते. मी काही वर्षं लॅबमध्ये हेच काम केलंय: वनस्पतीतलं एखादं द्रव्य घ्यायचं, रोगप्रतिकारक पेशींवर टाकायचं आणि सूज आणणारी रसायनं किती कमी होतात ते मोजायचं. तेव्हा 'संशोधनाने सिद्ध' म्हणताना लोकांच्या मागे नेमका कोणता प्रयोग उभा असतो, ते सांगते.

उंदराच्या मॅक्रोफेज (जिवाणू गिळणाऱ्या प्रतिकारक) पेशींची एक सेल लाइन आहे, आरएडब्ल्यू २६४.७. लॅबमध्ये सगळे 'रॉ सेल' म्हणतात. १९७८ साली एका उंदराच्या गाठीतून ती काढली गेली आणि तेव्हापासून जगभर वाढवली जातेय. आपल्याकडे बऱ्याच लॅबना ती पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मिळते. या पेशी प्लेटच्या खळग्यांत वाढवायच्या आणि त्यांच्यावर एलपीएस टाकायचं. एलपीएस म्हणजे ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाचा घटक. तो लागला की पेशी समजते, जिवाणू आले. पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन असतं, एरवी दुसऱ्या एका प्रथिनाने त्याला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवलेलं असतं. धोक्याचा निरोप आला की अडकवणारं प्रथिन तोडलं जातं, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ (सुजेचे निरोप नेणारी प्रथिनं), कॉक्स-२ (सूज-ठणका आणणारं एन्झाइम), नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम अशी सगळी फौज कामाला लावतं. सूज, लाली, ताप, ठणका हे सगळं त्याच्या पुढचं.

आता एलपीएसच्या आधी तासभर करक्यूमिन टाकून ठेवलं, तर यातलं बरंच थांबतं. १९९० च्या दशकापासून असंख्य लॅबमध्ये हे दिसलंय, मीही पाहिलंय. हे खोटं नाही.

गोम आहे ती प्रमाणात. प्लेटमध्ये आम्ही १० ते ५० मायक्रोमोलर (द्रावणात द्रव्य किती दाट आहे त्याचं एकक) करक्यूमिन टाकतो. तैवानमध्ये २००१ साली रुग्णांना रोज ८ ग्रॅम करक्यूमिन देऊन रक्त तपासलं, तेव्हा सरासरी कमाल पातळी आली १.७७ मायक्रोमोलर, तीही घेतल्यावर तास-दोन तासांनी, मग उतरत गेली. अमेरिकेत २००६ साली एकेका निरोगी माणसाला १२ ग्रॅमपर्यंत दिलं, तर बहुतेकांच्या रक्तात मोजण्याइतकंही सापडलं नाही. आणि ८ ग्रॅम करक्यूमिन म्हणजे किती हळद? पुडीत ३ टक्के धरा, पाव किलोच्या वर जातं. रोजचं.

पोटातून गेलेल्या करक्यूमिनला आतडं आणि यकृत लगेच दुसरे रेणू चिकटवून बाहेरचा रस्ता दाखवतात. शिवाय ते मुळात टिकाऊ नाही. शरीराइतक्या तापमानाला, ७.२ सामूच्या द्रावणात, रक्तद्रव नसेल तर अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के विघटित होतं.

म्हणून 'पेशीवर परिणाम होतो का' हा अर्धाच प्रश्न. 'त्या पेशीपर्यंत किती पोचतं' हा उरलेला अर्धा, आणि फॉरवर्डमध्ये तो कधीच नसतो. या एका प्रश्नाने पाहिलं तर हळद, सालईचं झाड आणि कळलावीची वेल या तिन्हींची उत्तरं अगदी वेगळी येतात. त्यावर बोलूया.

---

हरिपूरकर

ताई, छान लिहिलंय. आम्ही हळदवाले, म्हणून दोन शब्द.

३ टक्के ही सरासरी ठीक आहे, पण वाणावाणात फरक फार. आमच्याकडे पूर्वी राजापुरी असायची, आता शेतात सेलम जास्त. वर्ध्याच्या वायगाव हळदीचं नाव करक्यूमिनसाठीच आहे. रंगासाठी नि अर्कासाठी माल घेणारे आधी करक्यूमिनचा टक्का विचारतात, मग भाव. मसालेवाले अजून हळकुंडाची लांबी, चमक आणि मोडल्यावरचा रंग बघतात. सांगली, वायगाव आणि आता वसमत, तिघांनाही भौगोलिक मानांकन आहे.

अवांतर: सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत (जमिनीतल्या कोठारांत) हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. २००५ च्या पुरात कितीतरी पेवं गेली. आता सगळं कोल्ड स्टोरेज.

---

शंकासुर

आलं फार्मा लॉबीचं पिल्लू. हळदीचं पेटंट अमेरिकेने घेतलं होतं, ते माशेलकरांनी लढून परत आणलं. हळदीत काही नसतं तर अमेरिकेने पेटंट कशाला घेतलं असतं? आणि हरल्यावर त्यांनीही मान्य केलंच ना की आपली हळद काम करते?

---

पेशीवाली

@शंकासुर, हे प्रकरण मलाही आवडतं, पण निकालात काय होतं ते बघा. पेटंट होतं जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं. ते १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघांना मिळालं, आणि ते दोघेही मूळ भारतीय. माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक. सीएसआयआरने १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली आणि जुने संदर्भ पुढे ठेवले. त्यात १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट गेलं.

गेलं ते 'यात नवीन काही नाही, हे आधीपासून माहीत होतं' या मुद्द्यावर. हळदीने जखम किती लवकर भरते हे पेटंट कार्यालयाने तपासलं नाही, ते त्याचं कामच नव्हे. माशेलकरांनी जिंकलं ते मोठंच, पण तो पुरावा मालकीचा आहे, गुणाचा नाही.

आणि जखमेवर हळद लावणं हा निराळा प्रश्न आहे. तिथे आतडं नाही, यकृत नाही, द्रव्य थेट जागेवर. माझी तक्रार पोटातून घेऊन गुडघ्यापर्यंत पोचवण्याबद्दल आहे.

---

फोडणीचा_वाफा

पण आपण हळद नुसती खातच नाही. फोडणीत तेल असतं, मिरी असते. मिऱ्याने २००० टक्के वाढतं म्हणतात. मग आजीला सगळं माहीत होतं असं म्हणायला हरकत काय?

---

पेशीवाली

तो आकडा खरा आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातला १९९८ चा अभ्यास. माणसांना २ ग्रॅम करक्यूमिन दिलं, सोबत २० मिलिग्रॅम पिपरीन. मिऱ्यात पिपरीन साधारण ५ टक्के, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर मिरपूड. स्वयंपाकघराबाहेरचा आकडा नाही हा.

पण २००० टक्के कशाच्या? नुसतं करक्यूमिन दिल्यावर रक्तात जवळपास काही नव्हतंच. पिपरीनसोबत कमाल पातळी झाली मिलिलिटरला ०.१८ मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे अर्धा मायक्रोमोलर. प्लेटमध्ये आम्ही याच्या वीसपट टाकून सुरुवात करतो. शून्याजवळच्या आकड्याची वीसपट म्हणजे जाहिरातीला उत्तम मजकूर.

पिपरीन हे साधतं ते यकृत-आतड्याची निचरा करणारी एन्झाइमं अडवून. ती एन्झाइमं फक्त हळदीसाठी बसवलेली नाहीत, इतर औषधांचा निचराही त्यांच्याकडेच. फोडणीतल्या मिऱ्याने काही होत नाही. कॅप्सूलमध्ये रोज घेताना मात्र बाकी कोणत्या गोळ्या चालू आहेत ते बघावं लागतं.

---

चिकित्सक_चिंगी

मी रसायनशास्त्रवाली. एक मुद्दा जोडते, कारण तो बाहेर फारसा बोलला जात नाही.

करक्यूमिन चाचण्यांना फसवतं. स्वतः पिवळं आहे, प्रकाश टाकला की चमकतं, धातूंचे आयन पकडतं, प्रथिनांना चिकटतं, पेशीचं आवरण ढवळतं, गुठळ्या करतं. ज्या चाचण्या रंगावर किंवा चमकण्यावर चालतात त्यांत असं द्रव्य टाकलं की 'परिणाम' दिसतोच, मग चाचणी कशाचीही असो. औषध शोधणाऱ्यांनी अशा रेणूंची काळी यादीच केली आहे. जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत २०१७ साली करक्यूमिनवर मोठा आढावा आला. तोवर शंभरावर मानवी चाचण्या झालेल्या, आणि आढावा घेणाऱ्यांचं म्हणणं होतं की प्लेसिबोच्या (औषध नसलेल्या गोळीच्या) तुलनेत, कुणाला काय दिलं हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवून केलेली एकही चाचणी निर्विवाद यशस्वी नाही.

शिवाय या क्षेत्रात ज्यांचा सर्वात जास्त दाखला दिला जायचा, त्या ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधल्या भरत अगरवालांचे अनेक शोधनिबंध पुढे प्रतिमांच्या गडबडीमुळे मागे घेतले गेले. म्हणजे सगळंच खोटं असं नव्हे, एनएफ-कप्पा-बीचं निरीक्षण इतरांनीही केलंय. पण पाया ओला आहे.

---

पेशीवाली

@चिकित्सक_चिंगी, अगदी. त्यात आणखी दोन रडगाणी घाला. पेशी जिवंत आहेत का हे आम्ही ज्या पिवळ्या रंगद्रव्याने तपासतो, त्याला करक्यूमिनसारखे पॉलिफेनॉल स्वतःच जांभळं करून टाकतात. मग मेलेल्या पेशीही जिवंत मोजल्या जातात, आणि मेलेली पेशी टीएनएफ बनवत नाही. झाला 'दाहशामक परिणाम'!

दुसरं, नायट्रिक ऑक्साइड. रॉ सेल एलपीएस लागल्याबरोबर ते भरभरून बनवतात आणि मोजायला स्वस्त, म्हणून प्रत्येक एमएस्सी प्रबंधात त्याचा आलेख असतो. माणसाच्या मॅक्रोफेज पेशी एलपीएसने नायट्रिक ऑक्साइड जेमतेमच बनवतात. उंदराचा आलेख माणसाच्या गुडघ्याला चिकटवायचा कसा, हे कुणी विचारत नाही.

---

वैद्य_सह्याद्री

मी आयुर्वेदाचा चिकित्सक आहे. चर्चा सभ्य आहे म्हणून लिहितो.

तुमची टीका करक्यूमिनवर आहे, हळदीवर नाही. चरकाने हरिद्रा कुष्ठघ्न (त्वचारोग घालवणाऱ्या) गणात घातली, आम्ही ती लेपात वापरतो, तुपातून देतो, इतर द्रव्यांसोबत देतो, रुग्ण पाहून देतो. तिच्यातून एक रेणू उपटून, उंदराच्या गाठीतल्या पेशीवर टाकून, 'रक्तात पोचत नाही' म्हणणं हा आयुर्वेदाचा पराभव कसा? कॅप्सूल आम्ही काढली नाही. शिवाय प्रत्येक परिणाम रक्तातूनच व्हायला हवा हे गृहीत कुणी धरलं? पक्वाशयातच (मोठ्या आतड्यातच) काम झालं तर?

---

पेशीवाली

वैद्यराज, शेवटच्या वाक्याबद्दल सलाम. मी तिथेच येणार होते.

मोठ्या आतड्याच्या अस्तराखाली रोगप्रतिकारक पेशींची प्रचंड वस्ती आहे. गिळलेलं करक्यूमिन शोषलं जात नाही याचा अर्थ ते आतड्यात पडून राहतं, तेही भरपूर. म्हणजे गुडघ्यासाठी जो दोष, तो इथे गुण. आणि मानवी चाचण्यांमध्ये आशा दिसते ती नेमकी इथेच.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारात मोठ्या आतड्याला सूज येऊन रक्त पडतं. जपानमध्ये २००६ साली आजार शांत असलेल्या ८९ रुग्णांना नेहमीच्या औषधासोबत रोज २ ग्रॅम करक्यूमिन किंवा प्लेसिबो दिला. सहा महिन्यांत आजार उलटला तो करक्यूमिन गटात ५ टक्क्यांहून कमी जणांचा, प्लेसिबो गटात २० टक्क्यांच्या वर. २०१५ मध्ये ५० रुग्णांच्या चाचणीत, आजार चालू असताना, मेसालामाइन या नेहमीच्या औषधासोबत रोज ३ ग्रॅम दिलं. महिन्याने करक्यूमिन गटातल्या २६ पैकी १४ जणांचा आजार शांत झाला, प्लेसिबोच्या २४ पैकी एकाचाही नाही. आणि आपल्याकडे, दिल्लीच्या एम्समध्ये, रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तर फरक पडला नाही.

या चाचण्या लहान आहेत, मी नाचणार नाही. पण चित्र जुळतं: जिथे द्रव्य पोचतं तिथे परिणाम, तोही डोस पुरेसा असेल तर.

(हे वाचून कुणी मेसालामाइन सोडू नका. या चाचण्यांत नेहमीचं औषध चालूच होतं.)

---

वैद्य_सह्याद्री

मान्य. आणि संपूर्ण कल्पाची (अनेक द्रव्यांच्या मिश्र औषधाची) चाचणी झालीच नाही असंही नाही. पुण्याच्या संधिवात केंद्राने गुडघ्याच्या संधिवातावर मोठी चाचणी केली, २०१३ साली प्रसिद्ध झाली. ४४० रुग्ण, २४ आठवडे. सुंठ-गुळवेलीवर आधारलेले आयुर्वेदिक कल्प एका बाजूला, ग्लुकोसामिन आणि सेलेकॉक्सिब दुसऱ्या बाजूला. वेदना आणि हालचालीत कल्प बरोबरीचे ठरले.

---

पेशीवाली

हो, आणि ती चाचणी मला आवडते कारण तिने नकोसं वाटणारंही छापलं: कल्प घेणाऱ्यांपैकी काहींचं एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलं, त्रास काही नसताना. ती नोंद पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

---

ठाण्याचा_ठोकताळा

गुळवेलीचं नाव निघालंच आहे तर विचारतो. करोनात आमच्या सोसायटीत गुळवेलीचा काढा घराघरात उकळत होता. प्रतिकारशक्ती वाढवते म्हणे. आता तुम्ही म्हणताय सूज कमी करते. वाढवते की कमी करते?

---

चिकित्सक_चिंगी

@ठाण्याचा_ठोकताळा, हा प्रश्न बाटलीवरच्या लेबलला विचारायला हवा. एकाच बाटलीवर 'इम्युनिटी बूस्टर' आणि 'दाहशामक' दोन्ही छापलेलं मी पाहिलंय. मॅक्रोफेजला जागं करायचं आणि त्याच मॅक्रोफेजला झोपवायचं.

गंमत अशी की मातीतून आलेल्या वनस्पतीच्या अर्कात जिवाणूंचं एलपीएस सहज असतं. ते काढून न टाकता अर्क पेशीवर टाकला की पेशी खवळतात आणि पेपर निघतो, 'अमुक वनस्पती प्रतिकारशक्ती वाढवते'. वाढवली कुणी? ई. कोलायच्या नातेवाइकांनी.

---

पेशीवाली

@ठाण्याचा_ठोकताळा, विनोद बाजूला. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली सहा रुग्णांची नोंद छापली: करोनाकाळात गुळवेल घेतलेले, कावीळ झालेले, आणि यकृताच्या तपासणीत शरीराच्याच प्रतिकारक पेशींनी यकृतावर हल्ला केल्याच्या खुणा. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की वनस्पती गुळवेलच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात नव्हती ना, हे तपासलं नाही. आक्षेप रास्त होता. मग १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, त्यातही तेच चित्र. ज्यांना आधीपासून थायरॉइडसारखा ऑटोइम्यून (प्रतिकारक पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटतात असा) आजार आहे, त्यांनी सांभाळावं.

---

वैद्य_सह्याद्री

इथे मी धागाकर्तीच्या बाजूने. सोसायटीच्या कट्ट्यावर ठरवून सगळ्यांनी एकच काढा रोज पिणं हे आयुर्वेदात कुठेही बसत नाही. भाजीवाल्याकडून आणलेली वेल कोणती, हे तरी कुणी पाहिलं?

---

बे_एरिया_काकू

मी इथे कॅलिफोर्नियात गेली काही वर्षं टर्मरिक कॅप्सूल घेते, गुडघ्यांसाठी. बाटलीवर 'ब्लॅक पेपरसह' लिहिलंय. माझ्या मैत्रिणी सगळ्या घेतात. तुमचा धागा वाचून धडधडलं. बंद करू का?

---

पेशीवाली

काकू, घाबरू नका, पण पुढच्या रक्ततपासणीत यकृताच्या चाचण्या करून घ्या आणि डॉक्टरांना बाटली दाखवा. आपल्याकडे 'घरगुतीच आहे' म्हणून आपण ती गोळ्यांच्या यादीत सांगतच नाही.

अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणारं एक जाळं आहे. त्यांनी २०२२ साली हळदीच्या कॅप्सूलशी जोडलेले १० रुग्ण मांडले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हे जनुकरूप सापडलं. एचएलए म्हणजे पेशींवरची ती प्रथिनं जी टी पेशींना (हल्ला करणाऱ्या प्रतिकारक पेशींना) 'हे बघ, माझ्यात काय आहे' असं दाखवतात. म्हणजे सूज शमवायला घेतलेल्या द्रव्यानेच काही थोड्या लोकांत प्रतिकारक पेशी यकृतावर सोडल्या असाव्यात. त्यातल्या काही कॅप्सूलमध्ये मिरी होती. इटलीतही २०१८-१९ मध्ये अशा नोंदींचा झुबका आला होता.

असं होणाऱ्यांची संख्या घेणाऱ्यांच्या मानाने अगदी थोडी आहे. पण एक मर्यादा लक्षात ठेवा: अन्नातल्या भर पदार्थांवरच्या आंतरराष्ट्रीय समितीने करक्यूमिनची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला १८०. चमचाभर हळद म्हणजे जेमतेम शंभर. एक कॅप्सूल बहुतेक वेळा ५०० ची.

गुडघ्याबद्दल प्रामाणिकपणे: थायलंडमध्ये २०१४ साली ३६७ रुग्णांत हळदीचा अर्क रोज १५०० मिलिग्रॅम आणि आयबुप्रोफेन १२०० मिलिग्रॅम, चार आठवडे, अशी तुलना झाली. वेदनेत अर्क कमी पडला नाही. प्लेसिबो गट नव्हता आणि चार आठवडे म्हणजे काहीच नाही, तरी ती चाचणी माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, म्हणून सांगितली.

---

सातपुड्याचा_पोरगा

वाचतोय. सालईचं कधी सांगणार? मेळघाटच्या उतारांवर सालईच सालई. कागदासारखी साल सुटते, खाच पाडली की डिंक येतो, वास धुपासारखा. आमच्याकडे तो देवापुढे जाळतात. त्याच्या गोळ्या करून शहरात विकतात हे फार उशिरा कळलं.

---

पेशीवाली

घ्या. सालईच्या डिंकात बोस्वेलिक आम्लं असतात. त्यांचं लक्ष्य वेगळं आहे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींत ५-लायपॉक्सिजिनेज नावाचं एन्झाइम असतं. ते ल्युकोट्रायिन नावाची सूज आणणारी रसायनं बनवतं, आणि त्यातलं एक आणखी न्यूट्रोफिल्सना हाक मारतं. कॉक्सवर काम करणाऱ्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या या वाटेला हात लावत नाहीत. १९९२ मध्ये जर्मनीत दिसलं की बोस्वेलिक आम्लं हे एन्झाइम अडवतात. २०२० मध्ये तर त्यांतलं एक आम्ल एन्झाइमच्या नेमक्या कोणत्या खाचेत बसतं त्याची रचनाच मिळाली. इतका स्वच्छ पुरावा करक्यूमिनच्या नशिबी नाही.

मग पुन्हा तोच प्रश्न. सुट्या न्यूट्रोफिल्सवर परिणाम दिसतो, पण संपूर्ण रक्तात तपासलं तेव्हा ल्युकोट्रायिन कमी झालंच नाही. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन ही आम्लं गच्च धरून ठेवतं, पेशीच्या वाट्याला उरतं थोडं. आता संशोधकांना वाटतंय की परिणाम होत असेल तर दुसऱ्याच कुठल्या एन्झाइमवर.

आणि तरीही गुडघ्यावरचे निकाल हळदीपेक्षा वाईट नाहीत. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात ३० रुग्णांवर चाचणी झाली, २००३ साली प्रसिद्ध झाली. आठ आठवडे सालई, आठ आठवडे प्लेसिबो, मग अदलाबदल. दुखणं आणि सूज कमी झाली, चालणं वाढलं, एक्स-रेत मात्र बदल नाही. तीसच रुग्ण, हे विसरायचं नाही. कॅप्सूल घ्यायचीच तर जेवणासोबत, स्निग्ध पदार्थ असताना जास्त शोषली जाते.

---

शंकासुर

म्हणजे हळद नाही, सालई अर्धवट. मग तुमच्या मते झाडपाल्यात काहीच नाही. हेच म्हणायचं होतं तर एवढं कशाला लिहिलं?

---

पेशीवाली

@शंकासुर, तिसरी बाकी आहे की. कळलावी. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर दिसते, ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं, तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती होते. युनानीतलं सुरंजान, तेही कोल्चिसिनचंच झाड. सांध्याच्या दुखण्यावर या कुळातले कंद देण्याची रीत दीड हजार वर्षांहून जुनी.

गाऊटमध्ये सांध्यात युरिक आम्लाचे स्फटिक साचतात. मॅक्रोफेज ते गिळतात आणि त्यांच्या आत एनएलआरपी-३ नावाचा इन्फ्लेमसोम (सूज पेटवणारा प्रथिनांचा संच) जुळतो, त्यातून आयएल-१-बीटा हे सुजेचा निरोप नेणारं प्रथिन सुटतं. स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या गटाने हे २००६ मध्ये दाखवलं. मग न्यूट्रोफिल्सचा लोंढा येतो आणि माणूस पायावर चादरही सहन करत नाही. कोल्चिसिन पेशीच्या आतल्या नळ्यांचं बांधकाम थांबवतं. त्या नळ्यांशिवाय न्यूट्रोफिलला नीट चालता येत नाही, इन्फ्लेमसोम जुळायलाही अडचण होते.

आता प्रमाण बघा. रक्तात कोल्चिसिन असतं काही नॅनोमोलर, करक्यूमिनच्या प्लेटमधल्या आकड्याचा हजारावा भाग. तरी चालतं. बहुतेक पेशींमध्ये नको ते द्रव्य बाहेर फेकणारा एक पंप असतो, न्यूट्रोफिलमध्ये तो फार कमी. म्हणून ज्या पेशीला गाठायचं तिच्यातच ते साठत जातं.

हृदयरोगातही आता वापरतात. धमनीतल्या कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांनीही तोच इन्फ्लेमसोम चेततो. रोज ०.५ मिलिग्रॅम देऊन ५,५२२ रुग्णांच्या चाचणीत, २०२० साली, हृदयविकाराचे झटके आणि तत्सम घटना ३१ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२३ मध्ये अमेरिकेत त्या वापराला मान्यता मिळाली. २०२४ ची एक आणखी मोठी चाचणी मात्र, झटक्यानंतर लगेच दिलेल्या औषधाची, निष्फळ गेली. वाद चालू आहे, आणि तो असा चालावा याचंच मला बरं वाटतं. हळदीवर असा वाद घालण्याइतका पुरावा कुणी जमवलेलाच नाही.

---

भटका_वनस्पतीवाला

ठळक अक्षरांत सांगतो, कारण उद्या कुणीतरी कंद उकरायला जाईल: कळलावी विषारी आहे. कंद, बिया, सगळं. रताळं समजून खाल्लेल्यांच्या विषबाधा वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. आधी उलट्या-जुलाब, मग काही दिवसांनी रक्तपेशी कोसळतात, केस गळतात. सहज मिळणारा उतारा नाही. फोटो काढा आणि पुढे चला.

---

पेशीवाली

@भटका_वनस्पतीवाला, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं. गोळीसुद्धा जपून घ्यायची असते. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं नेहमीचं प्रतिजैविक सोबत घेतलं तर कोल्चिसिनचा निचरा अडतो, त्यातून मृत्यू झालेले आहेत. मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी धोका.

आणि @शंकासुर, फार्मा लॉबीबद्दल तुम्ही अगदीच चूक नाही. शतकानुशतकं वापरात असलेलं हेच कोल्चिसिन. २००९ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने रीतसर चाचणी करून विक्रीचा एकाधिकार मिळवला आणि ९ सेंटची गोळी ४.८५ डॉलरला विकली. फक्त, हळदीची कॅप्सूल विकणारे त्यांच्यापेक्षा साधू आहेत असं मला वाटत नाही. त्यांना तर चाचणीही करावी लागत नाही.

---

शंकासुर

९ सेंटवरून ४.८५! हे माहीत नव्हतं. बरं, तुमचा एक मुद्दा मान्य. एकच.

---

अबोली_क

माझ्या आईला रुमेटॉइड संधिवात आहे, त्यावर मेथोट्रेक्सेट हे औषध चालू. मावशीने सालई आणि हळद अशी एकत्र बाटली पाठवली आहे, आईचा विश्वास बसलाय. काय करू?

---

वैद्य_सह्याद्री

मेथोट्रेक्सेट बंद करायचं नाही. रुमेटॉइडमध्ये सांधा एकदा झिजला की परत येत नाही. मेथोट्रेक्सेटवर असताना यकृताची तपासणी नियमित होतच असते, त्यात दुसरं काही मिसळलं आणि एसजीपीटी वाढलं तर दोष कुणाचा हे कळणार नाही, आणि डॉक्टर कदाचित उपयोगी औषधच थांबवतील. बाटली संधिवाततज्ज्ञांना दाखवा, ते ठरवतील. जेवणातली हळद चालू द्या.

आणि लेबलवर नाव-गाव नसलेलं, दोन दिवसांत चमत्कार करणारं चूर्ण कुणी दिलं तर सावध. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. आमच्या क्षेत्राची ती लाज आहे, पण आहे.

---

अबोली_क

धन्यवाद वैद्यराज, पेशीवालीताई. शुक्रवारी अपॉइंटमेंट आहे, बाटली नेते.

---

फोडणीचा_वाफा

शेवटचा प्रश्न. घरची हळद तरी शुद्ध कशी ओळखायची? शिशाबद्दल वाचलं.

---

हरिपूरकर

ते शिसं म्हणजे लेड क्रोमेट, पिवळा रंग. हळकुंड निस्तेज असलं की पॉलिश करताना वरून चढवतात. बांगलादेशात हे मोठ्या प्रमाणावर सापडलं, तिथल्या सरकारने छापे घातले, लोकांना सांगितलं आणि दोन वर्षांत बाजारातून जवळपास नाहीसं केलं. आपल्याकडे पाटणा, गुवाहाटीच्या नमुन्यांत आढळल्याचं २०२४ मध्ये वाचलं होतं. कायद्याने बंदी आहेच.

अख्खं हळकुंड घ्या, तेही फार चकचकीत नको. हातावर चोळून रंग सुटतोय का बघा, मोडून आतला रंग बघा. बाहेर झगझगीत आणि आत फिकं असेल तर परत द्या. मग घरी कुटा नाहीतर डोळ्यांसमोर गिरणीतून दळून आणा. सुटी पूड अगदी स्वस्त मिळत असेल तर ती का स्वस्त आहे हे दुकानदाराला विचारा. हळकुंडाचा भाव, पॉलिशची घट आणि दळणावळ धरली की पूड त्या दरात बसत नाही.